उलटा त्रिकोण

लायसन्स काढून दाखवायची तशी काहीच गरज नव्हती. काकूंनी फक्त एवढंच विचारलं होतं की लायसन्स असतं तरी केवढं, आणि ते तोंडी सांगून भागलं असतं. पण सर पडले मास्तर. तोंडी भागणारी गोष्टसुद्धा ते फळ्यावर काढून दाखवणार, आणि फळा नसला तर खिशातून काढून दाखवणार. त्यांनी पाकीट उघडलं, जुने कागद-कपटे बाजूला सारले, लायसन्स काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि गाडी चालवणं ही किती जबाबदारीची गोष्ट आहे यावर बोलायला सुरुवात केली.

(सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे आपले सर. त्यांच्या बायकोला अख्खी बिल्डिंग काकू म्हणते, तेव्हा आपणही काकूच म्हणू.)

काकूंनी चष्मा लावला. फोटो पाहिला, फोटोत सरांना केस होते. मग खालची तारीख पाहिली, मग पुन्हा फोटो पाहिला, आणि तिकडे जबाबदारी ऐन रंगात आलेली असताना म्हणाल्या, "अहो, हे तर कधीच संपलंय."

सरांचा आधी तारखेवर विश्वास बसेना, मग काकूंच्या चष्म्यावर बसेना, आणि शेवटी स्वतःचा चष्मा सापडल्यावर त्यांना बसायला खुर्ची लागली. दुसऱ्या दिवशी ते लायसन्सच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं की इतक्या जुन्याचं नूतनीकरण होत नाही, पहिल्यापासून सुरुवात करा. आधी लेखी परीक्षा, मग शिकाऊ, मग पक्कं. सरांनी सांगून पाहिलं की आपण आज कित्येक वर्षं रोज गाडी चालवतोय. त्यावर त्या माणसाने पहिल्यांदाच मान वर केली आणि कशाच्या जोरावर, असं विचारलं. सर खिडकीपासून बाजूला झाले.

अशा रीतीने नवरा-बायको एकाच दिवशी, एकाच परीक्षेला बसणार असं ठरलं. काकूंनी अर्ज आधीच भरलेला होता. सरांचा मागून जोडला गेला.

आता काकूंना या वयात लायसन्स कशाला हवं होतं, हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. माणसाला काहीतरी छंद असावा, असं ते स्टाफरूममध्ये मोठ्या मनाने म्हणाले होते. पण कारण अगदी सरळ होतं. काकूंची आई हायवेच्या पलीकडे, जुन्या पंपिंग स्टेशनमागच्या बैठ्या घरात एकटी राहायची. तिकडे बस जात नाही आणि रिक्षावाले नाही म्हणतात. म्हणजे आईकडे जायचं तर सरांची गाडी, आणि सरांची गाडी म्हणजे सरांची सवड. काकू रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांची साखर बघायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या आईला फोनवर विचारायच्या, गोळी घेतलीस का. मागे एकदा आईला चक्कर आली असा शेजारणीचा फोन आला, तेव्हा सरांच्या पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. एवढे तपासून होऊ देत, मग निघू, असं सर म्हणाले. निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई बरी होती, तिने चहासुद्धा केला. पुढच्याच आठवड्यात काकूंनी अर्ज भरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे भूगोलाच्या माणसाला कळायला बरेच दिवस लागले.

तर परीक्षा. प्रश्न मोबाइलवर मिळायचे आणि वरवर पाहता सोपे होते. पण त्यात मेख अशी की चारांपैकी दोन उत्तरं जुळ्या भावांसारखी. आखणी नसलेल्या चौकात दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोण? अरुंद चढावर समोरासमोर आल्या तर मागे कोणी घ्यायचं? वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अंतर किती लागेल? सगळी दुनिया दुप्पट म्हणते आणि नापास होते. उत्तर आहे चौपट. शिवाय काही प्रश्नांच्या शेवटी हळूच 'नाही' चिकटवलेलं असायचं, खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही, वगैरे. सर म्हणाले की हे प्रश्न काढणारा माणूस घरी सुखी नसणार.

पण सर घाबरले नाहीत. पाठांतराच्या युक्त्या हा तर त्यांचा हुकमी एक्का. शाळेत त्यांनी वारे, नद्या आणि खडक अशाच युक्त्यांनी पोरांच्या डोक्यात बसवले होते. त्यांचा सिद्धांत असा, की आपण नियम विसरतो, माणसं विसरत नाही. म्हणून प्रत्येक नियम एकेका ओळखीच्या माणसाच्या गळ्यात बांधून टाकायचा. आणि नियम बांधायला सरांना गळा सापडला तो वरच्या मजल्यावर.

वरच्या मजल्यावर अक्का राहायच्या, सरांच्या थोरल्या बहीण. दिवसातून एकदा त्या खाली उतरायच्या, या घरात काय काय चुकतंय ते पाहायच्या, सांगायच्या आणि जेवूनच वर जायच्या. सर म्हणाले, जेवायला अक्का उजव्या हाताला बसते ना? तिला आधी वाढलं नाही तर काय होतं? बस्स. चौकात उजवीकडून येणारा आधी. जिन्यात अक्का वर चढत असली तर उतरणारा मुकाट मागे सरतो. म्हणून चढावर चढणाऱ्याचा मान पहिला. अक्का दुप्पट चिडली की शांत व्हायला तिला चौपट वेळ लागतो. झालं ब्रेकचं अंतर पाठ. चिन्हांचंही त्यांनी तसंच लावलं. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना, तिथे अक्का. गोल म्हणजे हुकूम, तिथे शाळेचे हेडमास्तर. चौकोन म्हणजे नुसती माहिती, तिथे खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, जे न विचारता सगळं सांगतात.

काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना युक्त्या पटल्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्या हं म्हणायच्या आणि भाजी चिरत राहायच्या. पण मास्तरांना समोर एक विद्यार्थी असला की पुरतं, त्याला कळतंय की नाही हा प्रश्न निकालाच्या दिवशीचा. रोज संध्याकाळी ओट्याशी तालीम सुरू झाली.

त्या दिवशी सर विचारत होते, काकू उत्तरं देत होत्या, आणि दार उघडं होतं.

"त्रिकोण दिसला की कोण?"

"अक्का."

"मग काय करायचं?"

"सावध व्हायचं. वेग कमी करायचा. अंगावर आल्यास घाबरून रस्ता सोडायचा नाही."

"आणि दुप्पट वेगाने आली तर?"

काकूंनी डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. सरांनी मागे वळून पाहिलं. दारात अक्का उभ्या होत्या.

अक्कांनी आवाज चढवला नाही, यावरूनच प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं. त्या आत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि आपण या घराला धोका केव्हापासून झालो, एवढंच त्यांनी विचारलं. सर म्हणाले, तसं नाही अक्का, तू धोका नाहीस, धोक्याची सूचना आहेस. (काही स्पष्टीकरणं अशी असतात की ती दिली नाहीत तर माणूस थोडक्यात सुटतो.) मग त्यांनी भीत भीत सगळी पद्धत समजावून सांगितली. अक्कांनी ती नीट ऐकली आणि चौकातला मान, जिन्यातला मान हे सगळं मंजूर केलं. त्रिकोण मात्र त्यांना नामंजूर होता. हुकूम कोणता, असं त्यांनी विचारलं. गोल, सर म्हणाले. मग गोल मी, अक्का म्हणाल्या, आणि तुझ्या हेडमास्तरला घाल त्या त्रिकोणात. हेडमास्तर त्रिकोणात गेले. पण हेडमास्तरांना घाबरायचं म्हणजे काय, ते तर स्वतःच सगळ्यांना घाबरतात, अशी शंका निघाली. म्हणून त्यांना चौकोनात हलवलं आणि पोस्टमास्तर त्रिकोणात आले. घरात तह झाला. सरांच्या डोक्यात मात्र तीन माणसं तीन चिन्हांभोवती संगीतखुर्ची खेळायला लागली ती पुढे थांबलीच नाहीत.

सगळ्यांची सोय लागल्यावर काकूंनी हात पुसले आणि विचारलं, "आणि यात मी कुठे आहे?"

सरांना आनंद झाला. विद्यार्थ्याने आपणहून प्रश्न विचारला की त्यांना होतोच. आणि उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, पहिल्या दिवसापासून तयार होतं. ते म्हणाले, "तुला तर मी सगळ्यात अवघड चिन्ह दिलंय. उलटा त्रिकोण. थांबायचं, आधी दुसऱ्यांना जाऊ द्यायचं, मग आपण जायचं. हे चिन्ह बघितलं की मला पहिली तूच आठवतेस."

त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं.

काकूंनी हात पुसायचं फडकं खुंटीला अडकवलं. मग म्हणाल्या, "हं. हे लक्षात राहील." आणि त्यांनी गॅस बारीक केला.

अक्का त्या दिवशी जेवायला थांबल्या नाहीत. दाराशी चप्पल घालताना त्यांनी भावाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोललास ते खरं आहे रे. पण बोलायला नको होतंस."

गाडी जागेवर उभी असल्यामुळे सर आता शाळेत चालत जायचे. चालणाऱ्या माणसाला रस्ता दिसतो. गाडीतल्या माणसाला पुढची गाडी दिसते. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर एक उलटा त्रिकोण होता. खांबावर थोडा कलला होता, आणि इतकी वर्षं तिथून जाऊनही सरांनी तो कधी पाहिला नव्हता. ते उभे राहिले. गल्लीतून एक गाडी आली, त्रिकोणापाशी थांबली. मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेला, त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे दोन स्कूटर, मग शाळेची बस. गाडी थांबलेलीच. जरा फट पडली असं वाटेपर्यंत कोणीतरी यायचंच. नियम स्पष्ट होता, आधी दुसऱ्यांना जाऊ द्या. पण दुसऱ्यांची रांगच संपत नसेल तर त्या माणसाने किती वेळ थांबायचं, हे प्रश्नांत कुठे दिलेलं नव्हतं.

सरांना एकेक आठवायला लागलं. त्यांची बी.एड. आधी. मग मुलाची दहावी, मुलाची बारावी, मुलाचं परदेश. अक्कांचे गुडघे. उत्तरपत्रिका तर दर सहामाहीला. उत्तरपत्रिकांशी आल्यावर त्यांना ती चक्कर आठवली, तो शेजारणीचा फोन आठवला, आणि अर्ज पुढच्याच आठवड्यात भरलेला आठवला. सर त्या खांबाशी इतका वेळ उभे राहिले की पानवाल्याने त्यांना पत्ता हवाय का असं विचारलं. त्यांना फार वाईट वाटलं. कोणी काही म्हटलं नसताना, आपलं आपल्याला वाटतं तसलं वाईट.

संध्याकाळी घरी जाऊन हे बोलायचं असं त्यांनी ठरवलं. शब्दही जुळवले. पण वर्गात चाळीस पोरांपुढे खळखळ बोलणाऱ्या माणसाला बायकोपुढे पहिलं वाक्य सापडेना. शेवटी ते म्हणाले की आज चहा मी करतो. काकू म्हणाल्या, राहू दे, दूध उतू घालवाल. विषय तिथेच संपला. मग सरांनी मनातल्या मनात एक केलं. उलट्या त्रिकोणातून त्यांनी काकूंना काढून टाकलं. तिथे कोणाला ठेवायचं हे मात्र त्यांनी ठरवलं नाही.

परीक्षेच्या खोलीत लाकडी फळ्या लावून केलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक कॉम्प्युटर. सरांच्या एका बाजूला कुरिअरवाला, दुसऱ्या बाजूला भुवईत रिंग घातलेली मुलगी. काकू पलीकडच्या ओळीत, फक्त अंबाडा दिसत होता. तिसऱ्याच प्रश्नाला सरांनी हात वर केला आणि देखरेखीच्या बाईंना सांगितलं की यात दोन उत्तरं बरोबर आहेत. बाई म्हणाल्या, काका, त्यातलं एक निवडा. पिवळ्या दिव्याच्या प्रश्नाला सरांनी पुन्हा हात वर केला. पिवळा लागला की पटकन निघून जायचं, हे ते आयुष्यभर करत आले होते आणि इथे ते चुकीच्या उत्तरांत दिलं होतं. बाईंनी या वेळी नुसतं पाहिलं. मग चिन्हं आली. गोल आला, सरांना अक्काही दिसल्या आणि हेडमास्तरही दिसले. चौकोनात पोस्टमास्तर होते की नव्हते हे आठवेपर्यंत वेळ संपला आणि पुढचा प्रश्न आला. सर घामाघूम झाले. पडद्याच्या कोपऱ्यातले गुण पाहता आता एकही चूक परवडणार नव्हती, आणि शेवटच्या प्रश्नात पडद्यावर उलटा त्रिकोण आला.

उत्तर त्यांना येत होतं. माऊसचा बाण त्यांनी बरोबर त्या ओळीवर नेला: इतर वाहनांना आधी जाऊ द्यावे. बोट दाबायचं तेवढं राहिलं होतं. पण पडद्यावर त्यांना गल्लीचा कोपरा दिसला, आणि तिथे गाडीत काकू बसलेल्या दिसल्या, समोरून ट्रक, टेम्पो, बस जाताहेत आणि काकू थांबल्याहेत. खाली दुसरी ओळ होती: तुमच्या वाहनाला पुढे जाण्याचा पहिला हक्क आहे. पलीकडच्या ओळीतला अंबाडा हलत नव्हता. सरांनी बाण खाली आणला आणि बटण दाबलं.

एका गुणाने नापास.

बाहेर बाकावर काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा एकही प्रश्न चुकला नव्हता. सर शेजारी बसले आणि त्यांनी स्वतःचा निकाल सांगितला. काकूंनी शेवटी कोणता चुकला ते विचारलं.

"उलटा त्रिकोण."

"तो तर तुम्हाला येत होता. काय दिलंत उत्तर?"

सर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हटलं, आधी तू जा."

काकूंनी मान दुसरीकडे फिरवली. पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग रुमाल काढून त्यांनी चष्म्याची काच पुसली, जरा जास्तच वेळ पुसली. "एवढं कॉम्प्युटरला कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "घरी सांगायचं."

मग थोडं हायसं वाटल्यावर सरांमधला मास्तर जागा झाला. अवघड प्रश्नांना कोणती युक्ती कामाला आली, असं त्यांनी विचारलं. काकू सांगायला तयार नव्हत्या. सरांनी आग्रहच धरला. तेव्हा काकू म्हणाल्या की तुमची एकच युक्ती लागू पडली, ती उलट्या त्रिकोणाची. बाकी सगळे प्रश्न आपण आपल्या पद्धतीने सोडवले. प्रश्न आला की डोळे मिटायचे, तुम्ही अशा वेळी काय करता ते आठवायचं, आणि ते सोडून राहिलेल्यांतलं निवडायचं.

"पिवळ्या दिव्याला तर डोळेही मिटावे लागले नाहीत," त्या म्हणाल्या.

पुढे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंकडे शिकून काकू प्रत्यक्ष चालवायची परीक्षाही पास झाल्या. सरांना पुन्हा बसायचं होतं, पण त्यांच्या तारखा आणि उत्तरपत्रिका एकत्र येत होत्या. (या वेळी उत्तरपत्रिका त्यांच्याच आड आल्या, यात कोणाला न्याय दिसत असेल तर दिसो.) लायसन्स पोस्टाने आलं त्या रविवारी काकूंनी किल्ली घेतली आणि आईकडे निघाल्या. सर सवयीने उजव्या दाराशी गेले. काकू किल्ली घेऊन तिथेच उभ्या होत्या. मग सर बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले.

या बाजूला ते कधी बसले नव्हते. इथून तीच गाडी निराळी वाटत होती. हातात काही नाही, पायाखाली काही नाही. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे दुसरं माणूस ठरवणार आणि आपण खिडकीतून बघायचं. वळणाआधी दोनदा त्यांचा पाय आपोआप खाली दाबला गेला, तिथे नुसती चटई होती. काकू सावकाश चालवत होत्या, पण चुकत नव्हत्या. हायवेच्या सिग्नलला पिवळा लागला आणि त्या थांबल्या. मागच्याने हॉर्न वाजवला. सरांनी खिडकीतून मान काढून त्याला, नियम येत नाहीत का, असं ठणकावलं, आणि आत घेताना त्यांची स्वतःशीच नजरानजर झाल्यासारखं झालं. पंपिंग स्टेशनची टाकी दिसायला लागली तेव्हा काकू गाणं गुणगुणत होत्या. गाडीत त्या गुणगुणतात हे सरांना माहीत नव्हतं.

गाडीचा आवाज ऐकून आई काठी टेकत फाटकाशी आली आणि नेहमीप्रमाणे जावयाचं स्वागत करायला उजव्या दाराकडे वळली. दार उघडून लेक उतरली.

"गाडी तू चालवत आणलीस?"

"हो."

"म्हणजे आता कोणाला विचारावं लागणार नाही तुला? वाटेल तेव्हा येशील?"

"वाटेल तेव्हा, आई."

म्हातारीने काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला. सर फळांची पिशवी घेऊन पलीकडे उभे होते. इतकी वर्षं आपण काय करत होतो आणि आज काय झालंय, यावर दोन शब्द बोलावेत असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. ते घसा साफ करून पुढे आले. तेव्हा कुठे सासूबाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं, मग लेकीच्या कानाशी लागल्या. कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजतात तशा, पंपिंग स्टेशनपर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"मग ह्यांना कशाला आणलंस?"